उतारवयातील दृष्टी आणि वाटांची स्मृती

वयाच्या चाळिशीत जवळचे अक्षर अंधूक दिसू लागते आणि नाकावर चष्मा येतो. मराठीने या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणून टाकले आहे. डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी झाल्याने निर्माण होणारा हा दोष चष्म्याने दूर होतो. वाढत्या वयाचे इतर परिणाम मात्र इतके ठळक नसतात आणि घरच्यांच्याच काय, त्या व्यक्तीच्याही चटकन ध्यानात येत नाहीत.

वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते. परिणामी, साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर सरावण्यास वेळ लागतो. गडद निळा आणि काळा यांतील भेद पुसट होतो. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील पांढऱ्यावरची काळी अक्षरे वाचता आली, की दृष्टी उत्तम असल्याचा समज होतो. करड्या फरशीला लागून असलेली करडी पायरी ओळखणे ही त्याहून अवघड परीक्षा असते. पायरीच्या कडेला उठावदार रंगाची पट्टी ओढणे हा त्यावरील स्वस्त उपाय, पण जिने बांधताना त्याचा विचार फारसा होत नाही.

पाहिलेली जागा लक्षात ठेवण्याचे काम प्रामुख्याने मेंदूतील 'हिप्पोकॅम्पस' या भागाचे. ठरावीक जागी गेल्यावरच उद्दीपित होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत शोधल्या. मे-ब्रिट व एडवर्ड मोसर या नॉर्वेतील दांपत्याने २००५ मध्ये शेजारच्या एन्टोऱ्हायनल भागात, जागेची जणू चौकटच आखणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाट लक्षात ठेवण्याच्या पद्धती दोन. देवळापाशी डावीकडे, गिरणीपाशी उजवीकडे, अशी वळणे पाठ करणे ही एक. परिसराचा नकाशाच मनात बाळगणे ही दुसरी. उतारवयात दुसरी अधिक क्षीण होते. त्यामुळे रोजच्या रस्त्याने मंडईतून बिनचूक परतणारे आजोबा, तोच रस्ता खोदकामासाठी बंद असला की गोंधळतात. मुलाच्या नव्या घरी रात्री न्हाणीघर सापडत नाही, ते यामुळेच. यात काळजीचे फारसे कारण नसते. परंतु वर्षानुवर्षांच्या परिचित वाटेवरच चुकणे, ही बाब निराळी. अल्झायमर विकाराचे आघात सर्वप्रथम होणाऱ्या भागांत एन्टोऱ्हायनल भागाचा समावेश होतो. अशा वेळी 'आता वय झाले' म्हणून विषय न सोडता डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते.

ही झीज सर्वस्वी अटळ नाही. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर आठवड्यातून तीन दिवस झपझप चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचे ते घटले.

डोळ्यांच्या उपचारांचाही स्मृतीशी संबंध दिसतो. मोतीबिंदू काढलेल्या ज्येष्ठांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे अमेरिकेतील एका निरीक्षणात्मक अभ्यासात आढळले. अर्थात, शस्त्रक्रियेमुळेच ते घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत केला. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याचा सल्ला घरोघरी आजही दिला जातो. सध्याच्या शस्त्रक्रिया पद्धतीत त्याची गरज उरलेली नाही.