उसना श्वास

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेतून कुणाला बाहेर काढलं, की गर्दीतून पहिली सूचना येते ती पोट दाबण्याची. कुणी त्याला पालथा घालतो, कुणी पाय धरून उलटा टांगतो. बुडालेल्याला मिठात पुरून ठेवलं तर जीव परत येतो, हे आमच्या सदर भागातल्या चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातले डॉक्टर याहून अचाट उपाय करत होते, आणि आज हौशी स्कूबा पाणबुडे जो ‘रेस्क्यू’ कोर्स करतात, तो त्याच घराण्यातला.

घराण्याचं मूळ गाव ॲमस्टरडॅम. कालव्यांच्या या शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ साली एक संस्था निघाली. तिचं पाहून विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या डॉक्टरांनी १७७४ मध्ये लंडनला तशीच संस्था काढली. तीच पुढची रॉयल ह्युमेन सोसायटी. बुडालेल्याला वेळेत आणून देणाऱ्याला हॉज आधी पदरच्या पैशातून बक्षीस देत. उपाय काय, तर पिंपावर पालथा घालून लोळवायचं, आणि भात्याने गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडायचा! धुराने कोण वाचलं देव जाणे. पण पाण्यातून निघालेला निपचित माणूस मेलाच असं धरू नये, आणि त्याच्यावरचे उपचार साध्या नावाड्यालाही शिकवता येतात, या दोन गोष्टी तिथे रुजल्या.

पुढे बराच काळ सगळे हात-पाठ-छातीभोवतीच घोटाळले. सिल्व्हेस्टर (१८५८) यांनी उताण्या माणसाचे हात वरखाली केले, शेफर (१९०३) यांनी पालथ्याची पाठ दाबली, होल्गर नील्सन (१९३२) यांनी दोन्हींची सांगड घातली. तोंडाने श्वास देणं सुइणींना ठाऊक होतं, पण डॉक्टरांना ते गावंढळ वाटे. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर सेफर यांनी मोजून दाखवलं, की आपण सोडलेल्या हवेतही सोळा-सतरा टक्के ऑक्सिजन उरतो आणि तेवढा दुसऱ्याला पुरतो. त्यासाठी सेफर यांनी औषधाने स्नायू लुळे केलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. १९६० साली छाती दाबून रक्त खेळतं ठेवण्याची रीत आली आणि आजचा सीपीआर घडला.

दुसरी शाखा फ्रान्सची. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये पाठीवर हवा घेऊन बुडी मारण्याचं साधन बनवलं आणि हौशी माणूस पाण्याखाली गेला. शिकवणाऱ्या संस्था पाठोपाठ आल्या : ब्रिटनमध्ये बीसॅक १९५३ साली, अमेरिकेत नॉवी १९६० मध्ये, पॅडी १९६६ मध्ये. पोहण्याच्या तलावावरची जीवरक्षणाची रीत इथे अपुरी पडली. स्कूबा पाणबुड्यापाशी हवा असते, तरंगण्याची सोयही असते. नसतं ते भान. घाबरलेला पाणबुडा पृष्ठभागावर येतो, श्वास घेण्याचा तोंडातला रेग्युलेटर थुंकतो, मास्क कपाळावर ढकलतो, आणि बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) फुगवणं किंवा खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेलं वजन सोडणं त्याला सुचतच नाही. मृत पाणबुड्यांच्या कमरेला वजन तसंच सापडल्याच्या नोंदी अपघातांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात.

म्हणून रेस्क्यू कोर्समध्ये शौर्य जवळजवळ नाहीच. आधी स्वतःला सावरायचं. मग लांबूनच ओरडायचं : ‘वजन सोड, बीसीडी फुगव!’ जवळ जावंच लागलं तर मागून जाऊन त्याची टाकी गुडघ्यांत धरायची. त्याने मिठी मारली तर खाली बुडी मारायची. त्याला हवा हवी असते, तो आपण होऊन सोडतो. निपचित पडलेल्याला वर आणल्यावर खरी कसोटी. पाण्यात छाती दाबता येत नाही, श्वास मात्र देता येतो. दर पाच सेकंदांनी एक श्वास, आणि मधल्या वेळात दोघांच्या अंगावरचं एकेक बक्कल सोडत किनाऱ्याकडे ओढत न्यायचं. हा क्रम चुकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा करून घेतात.

हल्ली ‘फक्त छाती दाबा’ हा सल्ला सगळीकडे पोचला आहे. अचानक हृदय बंद पडलेल्यासाठी तो ठीक. बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजनअभावी थांबतं, त्यामुळे २०१० मध्ये सीपीआरचा क्रम बदलून छाती आधी आली तरी बुडालेल्यांसाठी श्वासच पहिला राहिला. पोट दाबल्याने फुप्फुसातलं पाणी निघत नाही, उलटी मात्र श्वासनलिकेत जाऊ शकते.

जबलपूरला समुद्र नाही. सुटीत इथली मराठी कुटुंबं मालवणला जातात आणि प्रशिक्षकाचा हात धरून एक बुडी मारून येतात. त्यांना रेस्क्यू कोर्सची गरज नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात किंवा अंदमानात रीतसर शिकून ज्यांनी प्रमाणपत्र घेतलं, त्यांची गोष्ट वेगळी. ते पुढे रात्रीच्या बुडीकडे, बुडालेल्या जहाजांकडे वळतात. माझं मत विचाराल तर त्याआधी पैसे रेस्क्यू कोर्सवर खर्चावेत. पॅडीच्या नियमाने त्यासाठी मागच्या चोवीस महिन्यांतलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण लागतं, आणि तेवढं तर समुद्राशिवाय, जबलपुरातही घेता येतं.