शासनाचा शब्द आणि कृष्णाखोऱ्याचा अनुभव

दोन व्यक्तींमधला करार मोडला तर कोर्टात जाता येते. मंत्र्याने जाहीर सभेत दिलेला शब्द मोडला तर नागरिकाच्या हाती मतपेटी आणि मोर्चा एवढेच उरते. म्हणून लोकशाहीत शासनाचा शब्द का मोडतो आणि गेलेला विश्वास कशाने परत येतो, हे व्यवहारावरून तपासावे लागते. सातारा आणि सांगली जिल्हे या तपासणीस सोयीचे आहेत. कृष्णेच्या एकाच खोऱ्यात येथे वचनाचे दोन प्रकार दिसतात: एक त्यागाच्या बदल्यात दिलेले, दुसरे नुसत्या प्रतीक्षेच्या बदल्यात दिलेले.

१. त्यागाच्या बदल्यातील वचन

पाटण तालुक्यातील कोयना धरण १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाले. त्याच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते आणि त्यातले बरेचसे पश्चिमेकडे वळवून वीज तयार होते. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. बुडालेल्या गावांतील लोक साताऱ्यात, सांगलीत, सोलापुरात आणि कोकणात विखुरले. जमिनीच्या वाटपाचे आणि नागरी सुविधांचे प्रश्न मात्र दोन पिढ्या लोंबकळत राहिले. धरणग्रस्तांची तिसरी पिढी श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या झेंड्याखाली कोयनानगरला ठिय्या देऊन बसली, तीही त्याच मागण्यांसाठी.

येथे दोष हेतूपेक्षा क्रमात अधिक आहे. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६चा, म्हणजे धरणानंतरचा. त्यानंतर १९८६ आणि १९९९चे कायदे आले. पाणी अडले की विस्थापिताची सौदाशक्ती संपते. त्याने आपला वाटा आधीच दिलेला असतो आणि शासनाचा वाटा उधारीवर राहतो. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही चळवळीची घोषणा म्हणूनच भावनिक नाही. ती देण्याघेण्याचा क्रम दुरुस्त करण्याची मागणी आहे.

२. प्रतीक्षेच्या बदल्यातील वचन

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी दुष्काळी पट्ट्याला कृष्णेच्या पाण्याचा शब्द दिला. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर फेरविचाराची वाट मोकळी ठेवली. या मुदतीआधी वाट्याचे पाणी वापरात यावे म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि अनेक कामे एकदमच हाती घेतली गेली. पैसा विभागला गेला. सगळीकडे नारळ फुटले, पण बहुतेक योजना वर्षानुवर्षे अपुऱ्या राहिल्या.

सांगलीतील जत तालुक्याचा पूर्व भाग या रांगेच्या शेवटी होता. २०१२ साली तेथील गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. २०२२च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन या गावांवर दावा सांगितला, तेव्हा कुठे विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली वेगाने हलल्या. गावकऱ्यांचा प्रश्न भाषेचा कधीच नव्हता, पाण्याचा होता. पण यातून एक घातक धडा गेला: शांत राहिलेल्याला शब्द मिळतो, सोडून जाण्याची धमकी देणाऱ्याला निधी.

३. अविश्वासाचे चक्र

मोडलेला शब्द पुढचा व्यवहारही नासवतो. उपसा योजनेचे पंप विजेवर चालतात. पाण्याचे आवर्तन (पाळी) वेळेवर येईल याची खात्री नसली की शेतकरी पाणीपट्टी भरत नाही. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकते, पंप बंद पडतात आणि आवर्तन चुकते. मग न भरणाऱ्याचेच खरे ठरते. पुढे वीजबिलातील ८१ टक्के वाटा शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलण्याचे धोरण आले, साखर कारखाने उसाच्या बिलातून पाणीपट्टी कापून घेऊ लागले, तेव्हा या चक्राला खीळ बसली. कोणी किती द्यायचे हे ठरल्यावर हिशेब मागण्याचा हक्कही दोन्ही बाजूंना मिळाला.

४. विश्वास परत येण्याच्या अटी

पहिली अट, वाटा आधी ठरलेला असावा. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी उभारलेल्या बळीराजा धरणात भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मानला गेला.

दुसरी अट, जाब विचारणारी कायमची जागा हवी. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. दरवर्षी त्याच मागण्या त्याच व्यासपीठावर मांडल्या गेल्यामुळे शासनाला विसरण्याची सोय राहिली नाही.

तिसरी अट, मोजमाप उघड असावे. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली. किती पाणी सुटले आणि किती पोचले, हे गावाला स्वतः मोजता आले पाहिजे.

५. एक आक्षेप

पैसा मर्यादित असतो, म्हणून विलंब अटळ असतो, असे प्रशासन म्हणते. हे अर्धे खरे आहे. विलंब माफ होतो. रांग कोणी, का बदलली हे दडवणे माफ होत नाही. प्राधान्यक्रम लिखित आणि जाहीर असेल तर उशीरही समजून घेतला जातो.

निष्कर्ष सरळ आहे. नव्या घोषणेने जुना विश्वास परत येत नाही, जुनी बाकी चुकती केल्याने येतो. सातारा आणि सांगलीत पुढच्या कोणत्याही प्रकल्पाचा नारळ फोडण्याआधी कोयनेच्या पुनर्वसन प्रलंबित असलेल्या खातेदारांची गावनिहाय यादी आणि ती निकाली काढण्याची मुदत शासनाने जाहीर करावी. नागरिकांनीही मत मागायला येणाऱ्याला आधी ती यादी दाखवायला सांगावी.