वास्को-द-गामाचा वाटाड्या

आपल्या घरांतून, व्याख्यानांतून आणि शाळकरी पोरांच्या भाषणांतून एक गोष्ट वारंवार ऐकू येते. वास्को-द-गामाला हिंदुस्थानचा रस्ता अहमद इब्न माजिद या अरब नाविकाने दाखवला, ही ती गोष्ट. ती सांगणारे दोन प्रकारचे असतात. एक छाती फुगवून म्हणतो, युरोपला समुद्र आम्ही शिकवला. दुसरा कपाळावर हात मारून म्हणतो, आपल्याच माणसाने शत्रूला दार उघडून दिले. आम्हीही ही गोष्ट वर्षानुवर्षे खरी मानत आलो. म्हणूनच ती एकदा नीट तपासून पाहावी असे वाटले.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ग्रीक भाषेत भूगोलाचा मोठा ग्रंथ लिहिला आणि सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले. त्याच्या कल्पनेत हिंदी महासागर मात्र जमिनीने वेढलेले एक बंद तळे होते. हे खरे मानले, तर आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येणेच अशक्य. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात (८१३ ते ८३३) टॉलेमीच्या विद्येचा अभ्यास झाला, आणि अल-ख्वारिज्मीने त्या आधारावर नवी कोष्टके तयार केली. अकराव्या शतकात अल-बिरूनीने हिंदी महासागर दक्षिणेकडून पश्चिमेच्या महासागराला जोडलेला असावा असे अनुमान मांडले. ११५४ साली सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल-इद्रीसीने ७० नकाशांचा ग्रंथ पुरा केला. त्यात युरोपच्या गावांची आणि बंदरांची तपशीलवार माहिती आहे.

युरोपात टॉलेमीचा ग्रंथ लॅटिनमध्ये आला तो पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्लॉरेन्समध्ये. अरबांची आकडेमोडही तिकडे पोहोचली होती, पण कधी कधी चुकीच्या मापाने. अल-फरगानीने पृथ्वीच्या एका अंशाची लांबी ५६⅔ अरबी मैल दिली होती. कोलंबसाने तेच मैल इटलीतल्या आखूड मैलांच्या मापाचे धरले. त्यामुळे त्याची पृथ्वी खऱ्यापेक्षा बरीच लहान झाली आणि पश्चिमेकडून आशिया जवळ वाटू लागला. १४९२ च्या सफरीमागे हा चुकीचा हिशेबही होता. विद्या हाती लागली तरी तिचे माप समजून घ्यावे लागते, ते असे.

पोर्तुगालचा मार्ग वेगळा होता. १४८८ साली बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला आणि टॉलेमीचे बंद तळे खोटे ठरले. जुलै १४९७ मध्ये वास्को-द-गामा चार जहाजे घेऊन लिस्बनहून निघाला. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या सुलतानाने त्याला एक वाटाड्या दिला. २४ एप्रिल १४९८ रोजी मालिंदी सोडल्यावर अवघ्या तेवीस-चोवीस दिवसांत मलबारचा किनारा दिसला, आणि २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ नांगरली. परतताना वाऱ्याचा हंगाम न जुमानता ते निघाले. गोव्याच्या दक्षिणेच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालेल्या जहाजांना आफ्रिकेचा किनारा दिसला तो जानेवारी १४९९ मध्ये. वाटेत सुमारे तीस माणसे हिरड्या सुजवणाऱ्या रोगाने मेली. समुद्र तोच, जहाजे तीच. फरक होता तो मोसम ओळखण्याचा. अरबीतला हा शब्द मराठीने घेतला, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून तोच युरोपात 'मान्सून' झाला.

मग तो वाटाड्या कोण? त्या सफरीवरच्या माणसाने लिहिलेल्या रोजनिशीत त्याला ख्रिस्ती म्हटले आहे. पण पोर्तुगीजांना तेव्हा हिंदूही ख्रिस्तीच वाटत होते. कालिकतच्या देवळात त्यांनी चर्च समजून प्रार्थना केली होती. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज इतिहासकार बारुश आणि कास्तान्येदा वाटाड्याला गुजराती म्हणतात. बारुश त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि 'मालेमो काना' असे नाव देतो. मालेमो म्हणजे मुअल्लिम, अर्थात जहाजाला वाट दाखवणारा. गामाने त्याला आपले ग्रहतारे मोजण्याचे यंत्र दाखवले, तेव्हा तो जराही चकित झाला नाही, असेही बारुश नोंदवतो. इब्न माजिदचे नाव या पोर्तुगीजांपैकी कोणीच घेत नाही.

ते नाव प्रथम आले १५७० च्या दशकात, मक्केतले इतिहासकार कुत्बुद्दीन नहरवाली यांच्या ग्रंथात. इब्न माजिदला दारू पाजून फिरंग्यांनी त्याच्याकडून वाट काढून घेतली, असे ते लिहितात. म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचाहत्तर वर्षांनी! विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक फेराँ यांनी ही कथा उचलून धरली आणि ती जगभर झाली. पुढे इब्न माजिदचे ग्रंथ बारकाईने वाचणाऱ्या टिबेट्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली. १४९० च्या सुमारास नौकानयनावर मोठा ग्रंथ पुरा करणारा हा विद्वान तोवर वृद्ध झाला होता. मालिंदीच्या बंदरात गामाची वाट पाहत तो बसला असेल, हे पटत नाही.

मग नहरवालींनी असे का लिहिले? तो काळ आठवावा. १५०२ साली मलबारच्या समुद्रात गामाने हज करून परतणाऱ्यांचे जहाज बायकामुलांसह जाळले. १५०८ च्या अखेरीस दाभोळ बेचिराख झाले. १५१० साली गोव्यात मुसलमानांची कत्तल झाली. एवढे मोठे संकट कोसळले की माणूस दोषी शोधतो, आणि दोषी घरातलाच सापडला तर त्याला समजूत लागल्यासारखे वाटते. एका दारुड्याच्या चुकीने सारे घडले, असे म्हटले की मग बाकीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत नाहीत.

ते प्रश्न मात्र उरतातच. इद्रीसीच्या ग्रंथाचा संक्षेप अरबी लिपीतच १५९२ साली छापला गेला, पण तो रोममध्ये. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतेफेर्रिकाच्या छापखान्यातून पहिले पुस्तक निघाले ते १७२९ साली. मधल्या काळात आपले ग्रंथ कपाटांत राहिले आणि दुसऱ्यांनी ते वाचले. वाट दाखवल्याने कोणी दरिद्री होत नाही. आपलीच वाट आपण वाचायची सोडली, की नुकसान होते.

गुजरातच्या त्या अनामिक मुअल्लिमाने आपला धंदा केला, हवामान आणि तारे ओळखून जहाज सुखरूप पोहोचवले. तो गद्दार नव्हता, आणि आपल्या बढाईचा विषयही नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर नाखवा आणि तांडेल म्हणून समुद्राशी नाते सांगणारी माणसे होती, आहेत. त्यांच्या मुलांना आपण ही गोष्ट सांगताना खरी सांगावी. खोटा अभिमान आणि खोटी शरम, दोन्हींचे ओझे त्यांच्या खांद्यावर टाकू नये. त्यांच्या हाती पुस्तक आणि नकाशा द्यावा, आणि तो वाचायला शिकवावे.