पितळी पुंगळी पुन्हा वापरायची, तर सेमी-ऑटोमॅटिक रायफल कशी निवडतात?

अमेरिकेतल्या नेमबाजांचे व्हिडिओ आता गावोगावी मोबाईलवर बघितले जातात. गोळीबार झाला की ही माणसं गवतातून रिकाम्या पुंगळ्या वेचताना दिसतात. कारण साधं आहे. काडतुसात सहसा सगळ्यात महाग भाग पुंगळीच असतो. तिथे कायद्याची मुभा असल्याने अनेक जण त्याच पुंगळीत नवी टोपी, दारू आणि गोळी बसवतात. पण एक पुंगळी किती वेळा चालेल, हे बरंचसं रायफलीवर ठरतं.

पुंगळीचं नेमकं काय होतं?

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की .223 सारख्या काडतुसात दर चौरस इंचाला 55 हजार पौंडांपर्यंत दाब तयार होतो. पुंगळी फुगते आणि चेंबरला चिकटते. दाब उतरला की किंचित आकसून सुटते. तार सारखी वाकवली की कडक होऊन तुटते, तसंच पितळाचं होतं. आधी पुंगळीच्या मानेला चिरा जातात. बुडाजवळ ताणली गेली तर तिथे चकाकणारी रिंग दिसते. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकते, म्हणून ती टाकूनच द्यायची असते.

सेमी-ऑटोमॅटिक जड का जाते?

बोल्ट रायफलीत माणूस दाब पूर्ण उतरल्यावर हाताने पुंगळी ओढतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक वेळा हेच काम बाराचा गॅस क्षणात करतो. गॅस जास्त असेल तर बोल्ट लवकर उघडतो. पुंगळी अजून चेंबरला धरून असते आणि एक्स्ट्रॅक्टर तिचा काठ ओरबाडतो. मग ती जोरात बाहेर फेकली जाते, कुठेतरी आपटते आणि तोंड चेपतं.

काय बघायचं?

*गॅस कमी-जास्त करता येतो का?* ही पहिली गोष्ट. आपल्याकडच्या माजी सैनिकांना एसएलआर आठवत असेल. ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या या रायफलीवर गॅस रेग्युलेटर होता. रायफल खात्रीने चालेल एवढाच गॅस ठेवायचा, हे त्याचं तत्त्व. एआर-15 जातीच्या रायफलींना असा गॅस ब्लॉक वेगळा बसवता येतो.

*गॅसची नळी किती लांब?* एआर-15 मध्ये आखूड, मध्यम आणि लांब असे प्रकार येतात. नळी लांब असली की गॅस उशिरा आणि कमी दाबाने मागे येतो. पितळाला ते सोसतं.

*चेंबर गुळगुळीत आहे का?* जर्मन जी-3 आणि तिच्या नागरी आवृत्तीच्या चेंबरला उभ्या खाचा असतात. त्यामुळे पुंगळी अडकत नाही, पण अंगावर पट्टे उमटतात. शिवाय ती लांब फेकली जाते. रायफल भरवशाची, पण पितळ वाचवणाऱ्यांची नावडती.

*पुंगळी कुठे आपटते?* खिडकीमागच्या उंचवट्याला डिफ्लेक्टर म्हणतात. त्यावर रबराची पट्टी चिकटवली तरी चेपणं कमी होतं.

एके जातीच्या रायफलीही पुंगळी जोरात फेकतात. त्यांची बरीच काडतुसं पोलादी पुंगळीची असतात, ती भरायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

रायफल घेण्याआधी जमलं तर दहा बार टाकून पुंगळ्या हातात घेऊन बघाव्यात. काठ वाकलाय का, तोंड चेपलंय का, अंगावर ओरखडे आहेत का? पुंगळ्या जवळ आणि एकाच जागी पडत असतील तर रायफल पितळाला बरी. आणि पितळ वाचवणं हाच मुख्य हेतू असेल, तर बोल्ट रायफलीला तोड नाही.

आपल्याकडे हे चालत नाही

व्हिडिओ बघून कोणी इथे प्रयोग करू नये. भारतात सामान्य शेतकऱ्याला सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा परवाना साधारणपणे मिळत नाही. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना असला, तरी त्यावर रायफलीची काडतुसं भरता येत नाहीत. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षं ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

लष्करी सरावाच्या रेंजजवळ राहणाऱ्यांनी पितळाच्या मोहाने भंगार वेचायला जाऊ नये, पोरांनाही पाठवू नये. पुंगळी रिकामी असेलही, पण शेजारी पडलेला गोळा न फुटलेला असू शकतो. असं काही दिसलं तर हात न लावता पोलीस पाटलांना कळवावं किंवा 112 नंबरला फोन करावा.