ट्रेलरची फिफ्थ व्हील आणि किंगपिन : झीज कशी ओळखायची, काय कधी बदलायचे

नांदेड-देगलूरकडून येणारा 161 आणि सोलापूर-उमरगा-जहीराबादकडून येणारा 65, हे दोन राष्ट्रीय महामार्ग संगारेड्डीजवळ एकत्र येतात. तिथून पुढे पटानचेरूजवळ हैदराबादचा 158 किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता लागतो. एमएच 26, एमएच 13, केए 38 अशा पाट्यांचे कितीतरी ट्रेलर याच वाटेने सनतनगरच्या कंटेनर डेपोकडे किंवा विजयवाडा रस्त्याकडे जातात. पुढचा घोडा आणि मागचा भरलेला ट्रेलर यांना जोडणारा सांधा एकच असतो. टायरची नक्षी सगळे बघतात, ब्रेकचे लायनर बघतात. हा सांधा मात्र ग्रीसखाली झाकलेला राहतो.

घोड्याच्या पाठीवर जो मोठा लोखंडी तवा असतो, ती फिफ्थ व्हील. काही गॅरेजात तिला टर्नटेबलही म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक जाड पिन खाली निघालेली असते, ती किंगपिन. तव्याच्या खाचेत पिन शिरली की जबडा ती पकडतो. वजन तवा पेलतो. ओढणे आणि रोखणे मात्र पिन आणि जबड्यावर येते. ऑटोनगरात सामान घेताना एक घोटाळा हमखास होतो. नुसते ‘किंगपिन’ म्हटले की दुकानदार पुढच्या ॲक्सलची, स्टिअरिंगची किंगपिन काढून देतो. ‘ट्रेलरची किंगपिन’ असे सांगायचे, आणि दोन इंची की साडेतीन इंची तेही.

झीज नजरेला दिसत नाही, ती मोजावी लागते. दोन इंची पिन नवी असताना जबडा पकडतो त्या गळ्याजवळ 50.8 मिलिमीटर असते. 49 वर आली की बदलायची. म्हणजे दोन मिलिमीटरही घासायची सोय नाही. साडेतीन इंची पिन नवी 89 च्या आसपास आणि मर्यादा 86. मोजताना ग्रीस कापडाने पूर्ण पुसा आणि माप दोन्ही दिशांनी घ्या. गाडी ओढताना आणि ब्रेक लावताना जोर पुढे-मागे बसतो, त्यामुळे पिन गोल न राहता अंडाकृती होते. आडवे माप बरोबर आले म्हणून पिन चांगली, असे होत नाही. तेही नको असेल तर पिनेचे तयार गेज मिळते. ते गळ्यावर बसायला नको. बसले तर पिन गेली.

मोजण्याआधी गाडी स्वतःच सांगत असते. सिग्नलवरून निघताना आणि ब्रेक दाबताना पाठीमागून ‘खट्’ असा धक्का बसला, तर जबडा आणि पिन यांच्यात फट पडली आहे. बऱ्याच फिफ्थ व्हीलना ही फट कमी करायचा स्क्रू असतो. पण स्क्रू शेवटपर्यंत फिरवून झाला की जबडा आणि त्याची झीज-रिंग जोडीनेच बदलायची. एकच बदलून चालत नाही. तसेच, एक घोडा चार ट्रेलर ओढत असेल तर चारही पिना बघाव्या लागतात, कारण झिजलेली पिन नव्या जबड्याला खाते आणि झिजलेला जबडा नव्या पिनेला. फिफ्थ व्हील ज्या पायांवर डुलते, तिथे रबराचे पॅड असतात. ते चेपले की लोखंडावर लोखंड आपटते आणि आवाज जबड्याचाच वाटतो. जबडा खोलण्याआधी ते बघून घेतलेले बरे.

पिनेवर वेल्डिंग चढवून लेथवर घासून घेणे हा सर्रास चालणारा उद्योग. तो करूच नये. पिन खास मिश्रधातूची आणि उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. वेल्डिंगच्या तापाने ती प्रक्रिया बिघडते. वरून माप बरोबर दिसते आणि आत चीर धरते. बोल्टवर बसवलेली पिन बदलणे सोपे असते. मालकाच्या वहीत हा खर्च दुरुस्तीत पडतो आणि दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलता येते, खरे दुखणे तिथे आहे.

ग्रीस कुठे हवे, कुठे नको

तवा कोरडा पडला की वळणानंतर घोडा सरळ व्हायला कां-कू करतो, स्टिअरिंग जड लागते. जुन्या ग्रीसमध्ये रस्त्याची धूळ, ग्रॅनाइटची भुकटी मिसळली की ते ग्रीस राहत नाही, घासायची लेई होते. त्यामुळे वरून नवे थापण्याआधी जुने खरवडून काढायचे. तव्यावरचे ग्रीसचे चर उथळ होत गेले की तवाच झिजत आला. प्लास्टिकचे लायनर असलेल्या तव्यांचे नियम वेगळे. लायनर पातळ होऊन स्क्रूची डोकी वर यायच्या आत ते बदलायचे.

गोळ्याच्या हुकाचे गणित बरोबर उलटे आहे. परदेशात कारमागे ओढायच्या कॅराव्हॅनच्या हुकात घर्षणाचे पॅड असतात. ते 50 मिलिमीटरच्या गोळ्याला आवळून धरतात आणि कॅराव्हॅन मागे नागमोडी झुलू देत नाहीत. तिथे ग्रीसचा एक थेंबही चालत नाही. नव्या गोळ्याचा रंगसुद्धा खरवडून काढतात आणि तेल प्यायलेले पॅड फेकून देतात. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले, तरी आपल्याकडे कॅराव्हॅन म्हणजे बहुधा इंजिनासकट सबंध गाडीच. तरी कुणी ओढायची घेतलीच, तर ट्रकच्या सवयीने हुकात ग्रीस भरू नका.

जोडताना

ट्रेलरचे पाय जास्त उंच ठेवले तर पिन जबड्यात न शिरता त्याच्यावरून जाते. वरवर जोडल्यासारखे दिसते, आणि पहिल्या खड्ड्यात ट्रेलर सुटतो. म्हणून क्लीनरने बॅटरी घेऊन खाली वाकून बघायचे: तवा आणि ट्रेलर यांच्यात फट नको, जबडा पिनेमागे बंद हवा, हँडलची खिट्टी जागेवर हवी. मग ट्रेलरचा ब्रेक धरून, पाय खालीच ठेवून, पहिल्या गिअरमध्ये घोडा हळूच पुढे ओढायचा. हलला नाही तर पाय वर घ्या.

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत एवढे काही नसते, एक कडी आणि एक पिन. कडीचे भोक लांबट झाले की तीही बदलायचीच. पिन हरवली म्हणून सळई वाकवून घालणारे देगलूर-बिदर रस्त्यावर हंगामात आजही दिसतात.