रिकाम्या रकान्याची कुळकथा

बास्केटबॉलच्या विक्रमांची यादी वाचताना मी एका नावाशी दरवेळी थांबतो. एल्मोर स्मिथ, लेकर्सचा सेंटर. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी त्याने एकाच सामन्यात १७ ब्लॉक केले आणि तो विक्रम आजही उभा आहे. स्मिथ उत्तम खेळाडू होता, पण तारखेकडे नीट पाहायला हवे. एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली ती त्याच हंगामात.

१९४६मध्ये लीग सुरू झाली तेव्हा नोंदवहीत गुण, असिस्ट आणि फाउल होते. रिबाउंड १९५०-५१पासून आले, खेळलेली मिनिटे त्याच्या पुढच्या हंगामात. म्हणूनच विल्ट चेंबरलेनने मार्च १९६२मध्ये हर्शी गावात केलेले १०० गुण आपल्याला पक्के ठाऊक आहेत. बिल रसेलची कला मात्र समोरच्याचा फटका हवेतच अडवण्याची. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवून तो १९६९मध्ये निवृत्त झाला. त्याचा एकही ब्लॉक अधिकृत वहीत नाही. दोघांची तुलना आकड्यांवर करणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

पुढे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हरच्या २००४च्या पुस्तकाने चेंडूच्या दर १०० ताब्यांमागे गुण मोजण्याची रीत रुजवली. संथ आणि वेगवान काळ एका मापात आणणारी ही रीत खरोखर मोलाची आहे. पण ताबे काढायला आक्रमणातले रिबाउंड आणि गमावलेले चेंडू लागतात, आणि तेही रकाने १९७३-७४च्या आधी कोरेच आहेत. त्याआधीचा वेग अंदाजानेच धरावा लागतो.

सर्वाधिक ब्लॉक हकीम ओलाजुवानच्या नावावर आहेत, ३,८३०. करीम अब्दुल-जब्बार ३,१८९वर, तिसरा. करीमचे पहिले चार हंगाम, म्हणजे ऐन तारुण्यातले ३२१ सामने, मोजणीच्या आधीचे. मोजणी सुरू झाली त्या वर्षी त्याची सरासरी साडेतीनच्या आसपास होती. त्या ३२१ सामन्यांना प्रत्येकी दोनच ब्लॉक धरा. ६४२ होतात. बेरीज येते ३,८३१.