शनिवारवाड्याचे शंभर मीटर आणि जुनापाणीचे दगड

आम्हा शनिवार पेठेतल्या लोकांना पुरातत्त्व खातं आठवतं ते एकाच कारणाने. शंभर मीटर! शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. जुने वाडे गळतायत, पण पाडून नवे बांधता येत नाहीत. यावर पेठेत कोणालाही छेडा, तासभर ऐकायला मिळेल. मीही त्यातलाच. "हे खातंच बंद करा" असं मी कट्ट्यावर अनेकदा बोललोय.

मध्यंतरी नागपूरला गेलो तेव्हा काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला गेलो. तिथेही याच खात्याचा फलक. मागे मात्र ना बुरूज, ना दरवाजा. माळावर गोलाकार मांडलेले मोठमोठे दगड, बस्स.

ही लोहयुगातली दफनं आहेत, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. दगडांचं वर्तुळ करायचं, आत मृताच्या अस्थी, मडकी, लोखंडी हत्यारं ठेवायची आणि वर माती-गोट्यांचा ढीग रचायचा. जुनापाणीत अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. काही दगडांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच इथे खोदून पाहिलं होतं.

यात पुण्याचाही वाटा आहे बरं का. डॉ. शां. भा. देव यांनी आधी नागपूर विद्यापीठातून आणि मग आपल्या डेक्कन कॉलेजातून विदर्भातली ही दफनं उकरून अभ्यासली. माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे निघाले, सोबत तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. आपण बाजीरावांच्या घोडदळाचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण शनिवारवाडा बांधून झाला १७३२ ला. त्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी इथे घोडे सजवणारी, लोखंड गाळणारी माणसं होती. त्यांच्या राजाचं नाव माहीत नाही, म्हणून आपल्याला त्यांचा अभिमानही नाही.

आता मुद्द्याचं. शनिवारवाड्याची तटबंदी कोणी उचलून नेणार नाही. वर्तुळातला दगड मात्र नांगराला आडवा येतो, रस्त्याच्या भरावाला चालतो, कुंपणाला उपयोगी पडतो. आणि एकदा जागेवरून हलला की तो नुसता दगड. विदर्भात अशी कितीतरी ठिकाणं आहेत, संरक्षित यादीत त्यातली काहीच. यादीत नसलेल्या वर्तुळाला १०० मीटर सोडा, एक फूटही मिळत नाही.

म्हणजे इथे राहत्या वस्तीला आणि तिथे मोकळ्या माळाला एकच टेप लावलीय. प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी करा, असं तोच २०१० चा कायदा सांगतो. मागणी तीच धरावी. इथे गळक्या वाड्यांना वाट द्या. तिथे गावागणिक वर्तुळं मोजा, सातबाऱ्यावर नोंद करा, ग्रामपंचायतीच्या हातात नकाशा द्या. शेतकऱ्याला आपल्या बांधावर काय आहे हे कोणी सांगितलंच नाही, तर दोष त्याचा कसा?

"खातं बंद करा" हे वाक्य मात्र मी मागे घेतलंय. कट्ट्यावरच्या मंडळींनी नोंद घ्यावी.